रेंज नसलेली जागा

या देशात मोबाइलला रेंज नसलेली जागा सहजासहजी मिळत नाही, ती शोधावी लागते. मी ती तीन दिवस शोधत होते. लॅबमधल्या एका डच सहकारणीनं पूर्वी कधीतरी तक्रार केली होती, की फेलूवेच्या जंगलात वाळूचा एक मोठा पट्टा आहे आणि तिथं चालायला गेलं की दोन-तीन तास फोन मुका होतो. तिची तक्रार माझ्या उपयोगी पडली. २०२०च्या सप्टेंबरमधल्या एका शनिवारी मी आईला गाडीत बसवलं, तिचा फोन 'राहू दे चार्जिंगला' म्हणून स्वयंपाकघरातच ठेवला, आणि आम्ही वाखनिंगनहून निघालो.

बाबा आठ दिवसांपासून सातारला दवाखान्यात होते, ऑक्सिजनवर. आणि आईला ते माहीत नव्हतं.

ती माझ्या बाळंतपणासाठी फेब्रुवारीत आली होती. मार्चअखेर बाळ झालं तोवर विमानं बंद झाली. पुढं तिचं तिकीट दोनदा काढलं आणि दोनदा रद्द झालं. बाबा माण तालुक्यातल्या आमच्या घरी एकटे. चहा सोडला तर त्यांना काही करता यायचं नाही, आणि तो चहा आहे हेही पिणाऱ्याला प्यायल्यावरच कळायचं. धाकटा भाऊ नोकरीला सातारला, तो पंधरा दिवसांनी किराणा पोचवून यायचा. बाबांचे आईला व्हॉट्सॲपवर मेसेज यायचे आणि त्यात कायम एकच प्रश्न असायचा: अमुक कुठं आहे. हळद कुठं हाय. गॅसचं पुस्तक कुठं हाय. पांघरुणं कुठं ठेवलीस. आई कपाळावर हात मारून घेई आणि एकेक बोट उचलून उत्तर टाईप करी. शेवटचा मेसेज होता, 'कुकरची रिंग कुठं हाय?' तेव्हा मात्र ती वैतागली. "सहा म्हैने झालं, अजून सोताच्या घरात पावण्यावानी राहत्यात. शोधा म्हनावं डोळ्यांनी," असं मला ऐकवून तिनं उत्तर दिलंच नाही. दोन दिवसांनी बाबांना दम लागायला लागला.

आमच्याकडं वाईट बातमी सांगायची नाही अशी पद्धत आहे. आईचे वडील गेले तेव्हा तिला 'जरा बरं नाही, भेटून जा' म्हणून बोलावलं होतं. ती एसटीतून उतरली तेव्हा दारात माणसं जमलेली होती. या पद्धतीला आम्ही शिकलेली पोरं नावं ठेवतो आणि वेळ आली की इमानेइतबारे पाळतो. भाऊ म्हणाला, "ताई, आईला बीपी आहे. तिथून तिला येताही येणार नाही. सांगून काय होणार?" मला ते पटलं. खरं म्हणजे मला तिच्यासमोर बसून ते वाक्य उच्चारायचं नव्हतं, म्हणून पटलं.

बाबांचा फोन भावाकडंच होता. मेसेज अचानक थांबले तर आईला संशय येईल, म्हणून आम्ही दोघांनी बाबांच्या नावानं मेसेज लिहायला सुरुवात केली. मजकूर माझा, पाठवणार भाऊ. 'मी मजेत आहे. तू वेळेवर जेव. बाळाला जप. स्वतःची काळजी घे.' मला त्या मजकुराचा थोडा अभिमानही वाटत होता, हे कबूल करायला हवं. आई ते वाचायची, 'बरं' एवढंच लिहायची आणि फोन पालथा ठेवायची.

त्या शनिवारी गोष्ट नाजूक झाली होती. सकाळी भावाचा मेसेज आला: ऑक्सिजन वाढत नाहीये, संध्याकाळी पाचच्या राऊंडला डॉक्टर बघतील आणि मशीनवर घ्यायचं का ते ठरवतील. शिवाय आत्याला कळलंय. आत्याच्या पोटात तीळ भिजत नाही. ती दुपारपर्यंत आईला फोन करून गळा काढणार यात शंका नव्हती. तिकडचे पाच म्हणजे इकडचे दीड. मी हिशोब केला: दहा ते एक वाळूत चालायचं, दीडला गाडीपाशी परत यायचं, तिथं रेंज आहे. जे काही असेल ते आधी मला कळेल. मग बघू. 'मग बघू'च्या पुढं मी काही ठरवलं नव्हतं.

बाळ नवऱ्याकडं ठेवलं होतं आणि दोन वेळचं दूध काढून फ्रिजमध्ये.

गाडीतळापासून दहा मिनिटं पाइनच्या झाडीतून गेलं की झाडं एकदम संपतात आणि समोर वाळू. पिवळट पांढरी, नजर जाईल तिथवर, मधेच टेकाडं, टेकाडांवर एखादं वाकडं झाड. आईनं सहावारी साडीखाली माझे जुने स्पोर्ट शूज घातले होते आणि वरून जावयाचं रेनकोटवालं जाकीट. समोरून आलेलं एक म्हातारं जोडपं दीड मीटर अंतर राखायला वाट सोडून वाळूत उतरलं आणि 'मॉर्खन', शुभ सकाळ, म्हणालं. आईनं त्यांना हात जोडले.

"ह्याला वाळवंट म्हनत्यात?" ती म्हणाली.

"हो. युरोपातल्या मोठ्यांपैकी आहे म्हणे."

"कडंनं एवढी झाडं, वर ढग. आठवड्यातनं चार दिस पाऊस. आमच्या माणदेशात ह्याला बागाईत म्हनतील."

ती चालायला मात्र लागली, आणि चांगली चालली. घरात ती सहा महिने कोंडल्यासारखी झाली होती. खिडकीतून सायकली बघायच्या आणि बाळाला तेल लावायचं. मी तिच्या मागं चालत होते आणि दर पाच मिनिटांनी खिशातून फोन काढून बघत होते. रेंज नव्हती. माझा बेत अगदी फत्ते झाला होता आणि तरी मी फोन पुन्हा वर धरत होते.

तासाभरानं एका सखल जागी एक पाटी लागली. हजारेक वर्षांपूर्वी इथं गाव होतं, असं तिच्यावर लिहिलं होतं. घरांच्या खांबांचे खड्डे आणि विहिरी वाळूखाली सापडल्या. विहिरी म्हणजे झाडाचे पोकळ केलेले बुंधे जमिनीत उभे गाडलेले. चित्र काढलं होतं: एक विहीर, शेजारी तिच्याहून खोल दुसरी, शेजारी आणखी खोल तिसरी. मी डच वाचून मराठीत जुळवत होते, तोवर आईनं नुसतं चित्र पाहिलं.

"पाणी खाली गेलं," ती म्हणाली. "हिरी खोल खोल नेल्या. मग भागलं न्हाई तवा गाव उठलं."

पाटीवर तेच लिहिलं होतं. आणि पुढं असंही, की नंतरच्या माणसांनी मेंढरं चारून आणि शेतात घालायला गवताचे मातीमुळांसकट थर काढून काढून जमीन उघडी केली, मग वाऱ्यानं वाळू उठली आणि जे उरलं होतं तेही झाकलं गेलं. ही कडेची पाइनची झाडं त्या वाळूला अडवायला मुद्दाम लावलेली. आई ऐकत होती, पण तिचं लक्ष जमिनीकडं होतं.

"जाताना हिरी बुजवल्या आसतील का तशाच टाकल्या आसतील?"

"ते नाही लिहिलेलं."

मग तिनं एक गोष्ट केली, ती मला तेव्हा कळली नाही. पिशवीतून पाण्याची बाटली काढली, ओंजळीत पाणी घेतलं आणि पाटीच्या पायाशी वाळूवर सोडलं. आमच्या घरी तांब्यात तळाला उरलेलं पाणीही कुंडीत जातं. पाहुण्यानं अर्धा पेला ठेवला तर आईला तो दिवसभर सलतो. तिनं पाणी सांडलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मला वाटलं, वय झालंय, हळवी झालीय. मी घड्याळ बघितलं.

पुढं एका वाकड्या झाडाखाली बसून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तिनं अर्धी खाल्ली आणि दीड माझ्याकडं सरकवली. "खा. अंगावर पाजतीस." हे वाक्य ती गेले काही दिवस जरा जास्तच म्हणत होती.

परतताना चुकलो. वाटेवर रंगीत पट्टे मारलेले खांब असतात, ते धरून चालायचं. आम्हाला वीसेक मिनिटं एकही खांब दिसला नाही. पावणेएक झाला होता. मी फोनवर नकाशा उघडायला गेले तर नकाशाही रेंजवर चालणारा. स्वतःच्या हुशारीवर स्वतःच थुंकावं असं वाटलं. कुणी भेटेल म्हणून बघितलं तर चारी बाजूंना वाळू आणि आमच्याच पावलांचे ठसे.

आई मात्र शांत होती. तिनं जमीन बघितली, थोडं पुढं गेली आणि झाडीकडं जाणारी एक अरुंद, चांगली मळलेली पायवाट दाखवली.

"ही धर. गुरं जात्यात तिथं पाणी आसतं. पाणी आसतं तिथं मानूस आसतं."

माणदेशात याच्याइतका खरा नियम नाही. मी लहानपणापासून तो ऐकलाय, पाळलाय, आणि रानात चुकलेली असताना त्यानंच वस्तीला लागलेय. खांबांपेक्षा माझा त्याच्यावर जास्त विश्वास. अकरा वर्षं या देशात काढून, मातीवर पीएचडी करून, मी मुकाट्यानं आईच्या मागं निघाले. वाट झाडीत शिरली, वळली, उतरली. पाणीही लागलं. चिखलानं भरलेलं एक डबकं. भोवतीनं सगळीकडं रानडुकरांची खुरं उमटलेली आणि पाइनच्या बुंध्यांना कमरेइतक्या उंचीपर्यंत चिखल फासलेला. डुकरं येऊन लोळत असणार. पलीकडं वाट नव्हती. माणूस तर नव्हतंच.

"हितं गुरं राखायला कुनी येत न्हाई व्हय," आई म्हणाली आणि एका पडक्या ओंडक्यावर बसली.

सव्वा वाजला होता. दूध भरून छाती दगडासारखी झाली होती, कुर्ता समोरून ओला. मी फोन वर धरून डबक्याभोवती फिरत होते. एकही दांडी नाही. डॉक्टर आता वॉर्डात शिरतील. भाऊ दवाखान्याच्या फाटकाशी उभा असेल. मी पुन्हा फोन वर धरला.

"बस जरा," आई म्हणाली.

"आई, उशीर होतोय गं. बाळ—"

"बाळाला दूध काडून ठिवलंस. बस."

मी बसले. ती माझ्याकडं बघत नव्हती, डबक्याकडं बघत होती.

"एकच सांग. हायत का गेले?"

मी फोन खाली ठेवला. मग मी विचारलं, "तुला कोण बोललं? आत्या?"

"कोन कशाला बोलंल. चाळीस वर्सांत ह्यांनी मला 'जेवलीस का' म्हनून इचारलं न्हाई. आन् एक दिस मेसेज येतो, वेळेवर जेव. सोताची काळजी घे." तिनं बुटावरची वाळू झटकली. "पयल्याच दिशी कळलं. म्हनलं, ह्यो मानूस लिहितोय तो आपला न्हवं. पोरांनी लिवलंय. म्हंजे एकतर दवाखान्यात हायत, न्हाईतर—"

"आठ दिवस? मग विचारलं का नाहीस?"

"तुज्या अंगावर पितंय लेकरू. धसका घेतला की दूध आटतं. तू सांगशील तवा सांगशील, म्हनलं. तंवर आपुन गप ऱ्हायचं."

आठ दिवस ही बाई बाळाला न्हाऊ घालत होती, भाकऱ्या थापत होती, मला डिंकाचे लाडू भरवत होती, आणि नवरा जिवंत आहे की नाही हे तिला माहीत नव्हतं. शेजारच्या खोलीत मी तिला त्रास नको म्हणून गोड गोड मेसेज रचत होते. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. आणि मघाचं वाळूवरचं पाणी कुणाच्या नावानं सोडलं होतं, तेही तेव्हा कळलं.

"आहेत," मी म्हणाले. "सातारला दवाखान्यात. ऑक्सिजनवर आहेत." मग थांबले. खोटं आता पुरे झालं होतं. "सकाळपर्यंत होते. आता डॉक्टर बघतायत. मशीनवर घ्यायचं का ते ठरणार आहे. मला आत्ताचं माहीत नाही. इथं रेंज नाही. रेंज नाही म्हणूनच मी तुला इथं आणलं, आई."

मला वाटलं ती चिडेल. चिडायला हवी होती. ती उठली, साडी झटकली, जाकिटाची चेन वर ओढली.

"ऊठ मग. जिथं हाय तिथं जाऊ."

यावेळी आम्ही ढोरवाट सोडली आणि सरळ चढ धरला. उंचावर रेंज मिळते एवढंच डोक्यात होतं. वाळूत पाय पिंढरीपर्यंत रुतत होते. साठी उलटलेली माझी आई पदर खोचून पुढं चढत होती आणि मागं वळून मला हात देत होती. वर पोचल्यावर पाइनच्या शेंड्यांपलीकडं सिमेंटची एक भलीमोठी उंच इमारत दिसली, आजूबाजूला काही नसताना एकटीच उभी.

"ते काय? देऊळ?"

"जुनं रेडिओ केंद्र आहे. शंभरेक वर्षांपूर्वीचं. इथली माणसं समुद्रापार जावा बेटावर होती ना, त्यांच्याशी इथून बोलणं व्हायचं. इथं वस्ती नव्हती, म्हणून इथं बांधलं."

"मग तिकडंच चल," ती म्हणाली. जणू यंत्रं अजून चालू होती.

आम्ही त्या इमारतीच्या रोखानं निघालो. अर्ध्या वाटेवर माझ्या हातातला फोन थरथरला. मग थरथरतच राहिला. आत्याचे चार मिस्ड कॉल, नवऱ्याचा बाळाचा फोटो, आणि भावाचा मेसेज. मी आईला तो मोठ्यानं वाचून दाखवला, एक अक्षर न गाळता: 'डॉक्टर आले होते. आज मशीन नको म्हणाले. उद्यापर्यंत वाट बघू म्हणाले. गॅरंटी देत नाहीत.'

"फोन लाव," आई म्हणाली.

भावाला मी म्हणाले, आईला सगळं माहीत आहे. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. आत जायला त्याला परवानगी नव्हती, पण वॉर्डातल्या एका सिस्टरचा नंबर त्याच्याकडं होता. दहा मिनिटांनी त्याच सिस्टरचा फोन आला. त्या तोंडावरच्या सगळ्या आवरणांमधून म्हणाल्या, "ते बोलू शकणार नाहीत हं. मी कानाला लावते. दोन मिनिटं."

आईनं फोन दोन्ही हातांनी धरला. मी बाजूला झाले, पण ती माणदेशी आवाजातच बोलत होती, ऐकू येणारच.

"अहो, मी हाय." मला वाटलं, आता ती रडेल, किंवा देवाचं नाव घ्यायला सांगेल.

"कुकरची रिंग मिठाच्या बरणीमागं हाय," ती म्हणाली. "त्या दिशी मी मुद्दाम सांगितलं न्हाई. तुमी जरा शोधावं म्हनलं. चुकलं माजं. मिठाच्या बरणीमागं. ऐकलं का?"

फोनमधून फक्त हवेचा आवाज येत होता. सिस्टर म्हणाल्या, "मान हलवली त्यांनी," आणि फोन बंद झाला. खरंच हलवली की त्या भल्या बाईनं सांगायचं म्हणून सांगितलं, ते आम्हाला कधी कळलं नाही. आईनं फोन पदरानं पुसून मला दिला. ती रडली नाही. मीच वाळूत बसून हमसाहमशी रडले, आणि ती उभ्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणत राहिली, "गप. दूध आटंल."

पुढचे पंधरा-सोळा दिवस आमच्या घरात कुणी कुणाला काही लपवलं नाही. ऑक्सिजनचे आकडे खाली गेले की खाली गेले म्हणून सांगायचो. एकदा खूपच खाली गेले, तेही सांगितलं. आईचं बीपी वाढलं नाही, माझं दूध आटलं नाही. बाबांच्या नावानं मेसेज लिहिणं आम्ही त्याच दिवशी थांबवलं होतं, त्यामुळं आईच्या फोनमध्ये त्यांच्या नावाखाली माझं ते 'स्वतःची काळजी घे' शेवटचं म्हणून तसंच राहिलं होतं. आई रोज ते उघडून बघायची. मला ते पुसून टाकावंसं वाटायचं.

बाबांना घरी सोडलं. भाऊ त्यांना घेऊन गावी गेला, चार दिवस राहणार होता. तो फोनवर म्हणाला, बोलले की धाप लागते, अजून फार बोलायचं नाही असं सांगितलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी आई बाळाला मांडीवर घेऊन पेज भरवत होती. ओट्यावर तिचा फोन वाजला. तिनं वाटी खाली ठेवली, चष्मा लावला, वाचलं, आणि फोन माझ्या हातात दिला.

बाबांचा मेसेज होता. दोनच शब्द.

'बरणीमागं न्हाई.'

तेव्हा ती रडली. इतक्या मोठ्यानं रडली की बाळ पेज गिळायचं विसरून तिच्याकडं बघत राहिलं आणि वरच्या मजल्यावरून नवरा मीटिंग सोडून धावत आला. मग तिनं पदरानं डोळे पुसले, चष्मा पुसला, "ह्या मानसाला डोळ्यांम्होरची वस्तू दिसंल तर शप्पथ," म्हणाली, आणि एकेक बोट उचलत उत्तर लिहायला घेतलं: नीट बघा.